एकेचाळीस मुके फोन

लोधिवलीच्या नरेशला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते न्हाव्याच्या खुर्चीतच, आणि तिथंही त्याचा पाय हलत असायचा. विहारात वंदना चालू असताना मागचा पंखा का कुरकुरतोय हे बघायला हा उठणार. जेवता जेवता अर्ध्या भाकरीवरून उठून मीटरची पेटी उघडणार. "याच्या पायाला जल्मापासून भिंगरी हाय," असं त्याची आई चंद्रभागा येईल त्याला सांगायची, आणि सांगताना तिला थोडं कौतुकही वाटायचं. आयटीआय करून आठ वर्षं त्यानं रसायनीच्या कारखान्यांत केबल ओढली. गेली चार वर्षं तो कर्जतला एका ट्रस्टच्या लहानशा दवाखान्यात होता. फोन, कॉम्प्युटर, कॅमेरे, ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं त्याच्या गळ्यात.

त्या सगळ्यात त्याला अभिमान होता तो वाडीच्या फोनचा. पळसदरीच्या वर डोंगरात तीस उंबऱ्यांची एक ठाकरवाडी आहे. मोबाईलला तिथं रेंज नाही. वाडीतली जना ही आरोग्यखात्याची आशाताई. गरोदर बायांची, लेकरांची खबर ठेवायची आणि दवाखान्याला कळवायची, हे तिचं काम. पण साधा निरोप द्यायचा तरी दोन तास डोंगर उतरावा लागायचा. नरेशनं ट्रस्टच्या मागं हात धुऊन लागून अंगणवाडीच्या छपरावर तबकडी बसवली, सोलरचं पॅनेल लावलं आणि इंटरनेटवर चालणारा एक टेबलफोन तिथं ठेवला. एक बटण दाबलं की थेट दवाखान्यात नर्सच्या टेबलावर घंटी. या गोष्टीला दोन महिने झाले होते.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला संध्या सिस्टरनं त्याला हाक मारली. टेबलावरचे फोन तीच घ्यायची.

"नरेश, तुझा तो वाडीचा फोन काढून आण बाबा. पोरांनी खेळणं केलंय त्याचं. उचलावं तर कुणी बोलतच नाही. मॅनेजरसाहेब पण म्हणाले, गुरुवारी उतरवून टाका."

तिनं रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. शिस्तीची बाई ती. प्रत्येक फोनची वेळ लिहून पुढं 'मुका' असा शेरा मारलेला. नरेशनं मोजले. दोन महिन्यांत एकेचाळीस. वाडीतून बोललेला फोन मात्र एकही नाही.

तो आपल्या खोलीत गेला, बसला, उठला, पुन्हा बसला. पोरं खेळतात तर एकदा तरी खिदळतील, एखादी शिवी हासडतील. एकेचाळीस वेळा गप्प बसणारी पोरं कुठं असतात? आणि शेवटचे चार फोन शनिवारपासून आजपर्यंत, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला. डोक्यात किडा वळवळायला लागला तो थांबेना. दर आठवड्याला तो पडद्यावर वाडीच्या नावापुढचा हिरवा दिवा बघायचा आणि 'चालू आहे' म्हणून पुढं सरकायचा. आता त्या दिव्याचाच त्याला राग आला.

त्यानं वाडीला फोन लावला. घंटी गेली, कुणीतरी उचललं.

"हॅलो?"

काही नाही. रिकाम्या खोलीतूनही थोडी खरखर येते, इथं तीसुद्धा नव्हती. पण पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. पलीकडं माणूस होतं.

"माझं ऐकू येत असंल," तो म्हणाला, "तर एकाचं बटण दाब."

पडद्यावर आकडा उमटला. १.

या फोनांचं असं असतं की घंटी एका वाटेनं जाते आणि आवाज दुसऱ्या. बटणाचे आकडे इथं घंटीच्या वाटेनं यायचे. घंटीची वाट ठीक होती. दवाखान्याचा आवाजही वाडीत पोचत होता. फक्त वाडीचा आवाज इकडं येत नव्हता.

"जना हायस काय?"

१.

"नीट ऐक गं. तुझं बोलणं इकडं पोचत नाय. चूक माझी हाय. आता मी विचारतो, होय तर एक, नाय तर दोन. वाडीत सगळं बरं हाय?"

२.

त्यानं स्पीकर चालू केला आणि संध्याला ओरडून बोलावलं. वाडीतल्या गरोदर बायांची यादी संध्याकडं होती; कोण, याचा शोध दोन प्रश्नांत लागला. रूपाली, आठवा महिना. पुढचे प्रश्न संध्याच विचारू लागली. पाय सुजलेत? १. डोकं दुखतंय? १. डोळ्यांपुढं अंधारी येते? १. किती दिवस झाले, तो आकडा दाब. पडद्यावर ४ उमटला. संध्यानं बोटांवर मागं मोजलं, शनिवारी थांबली आणि तिचा चेहरा उतरला. शनिवारचा 'मुका' तिच्याच अक्षरात होता.

"तिला झटके आले तर बाई आणि बाळ दोघंही जातील," ती नरेशला म्हणाली आणि गजा ड्रायव्हरच्या नावानं हाका मारत धावली. पाच मिनिटांत दुसऱ्या नर्सला घेऊन गाडी फाटकाबाहेर पडली.

"गाडी निघाली गं," नरेशनं सांगितलं. "खालच्या ओढ्यावरच्या साकवापर्यंत तिला झोळीतून आणाया चौघं हायत काय?"

१. मग २. मग पुन्हा १.

बोट घसरलं असेल, असं त्याला वाटलं. पण जिवाला चैन पडेना. आपल्याला विचारायला सुचतं तेवढंच आपल्याला कळतंय. तिला जे सांगायचंय ते एक-दोनात बसत नसेल तर?

आता चूक त्याला लख्ख दिसत होती. फोन वर नेण्याआधी त्यानं तो याच खोलीत, याच टेबलावर जोडून तपासला होता. तेव्हा दोन्हीकडून छान बोलणं झालं होतं. दवाखान्यातलं फोन जोडणारं यंत्र वाडीच्या फोनला सांगायचं, तुझा आवाज अमुक पत्त्यावर पाठव. आणि तो पत्ता होता घरातल्या घरातला. पाहुण्याला 'मधल्या खोलीत ये' म्हणावं आणि गाव कुठलं ते सांगूच नये, तशातली गत. खोलीतल्या खोलीत ते चाललं, डोंगरावरून कसं चालावं? वर बसवल्यावर त्यानं रिसीव्हर कानाला लावला, संध्याचं "हॅलो, हॅलो" ऐकलं, "झालं काम" म्हणून ठेवला आणि पळाला. आपल्याला ऐकू आलं म्हणजे आपलंही ऐकू गेलं, असं धरून चालला हा शहाणा! त्याला स्वतःच्या थोबाडीत दोन माराव्याशा वाटल्या.

दुरुस्ती दोन ओळींची होती. यंत्राला बाहेरचा पत्ता द्यायचा, आणि आवाजासाठी दारं उघडायची. पण त्यानंतर यंत्र बंद करून चालू करावं लागणार होतं, म्हणजे हा फोन तुटणार.

"जना, आता फोन कापला जाईल. मी कापत नाय, आपोआप जाईल. दोन मिनिटांत परत लावतो. तिथंच थांब. थांबशील ना?"

मग १.

यंत्र चालू व्हायला खरंच दोन मिनिटं लागली. तेवढ्यात त्यानं खोलीत किती फेऱ्या मारल्या ते त्यालाच ठाऊक. पुन्हा घंटी गेली. सहा वेळा वाजली, सात, आठ. उचललं.

"दा… ती इक… वाटं… साक… नाय…"

आवाज आला होता, पण चिंध्या होऊन. नरेशनं कपाळाला हात लावला. दवाखान्यातले सोळा कॅमेरे चोवीस तास आपली चित्रं मुंबईच्या ऑफिसला पाठवायचे. लाईन बारीक, आणि मॅनेजर मनोजसाहेबांचा हुकूम असा की आधी कॅमेरे, उरेल ते बाकीच्यांना. चौक गावाजवळ जुन्या हायवेवर गाड्या तुंबल्या की ॲम्ब्युलन्सला पुढं काढतात ना, तसं त्यानं राऊटरवर आवाजाला पुढं काढलं आणि कॅमेऱ्यांना मागं ढकललं. कुणाला विचारलं नाही.

मिनिटाभरात मनोजसाहेब दारात. "अरे नरेश, चित्रं अडकलीत सगळी!"

"अडकू द्या," नरेश म्हणाला. चार वर्षांत तो साहेबांशी असं पहिल्यांदाच बोलला.

"दादा, येतंय ऐकू?" जनाचा आवाज खोलीभर झाला. मागं कोंबडी ओरडत होती. "गाडी साकवाला नको धाडू! रूपाली हितं नायच. चौघं पाटंच तिला घेऊन निघालेत, पलीकडं केळवलीच्या वाटंनं. तीन दिस सांगून कोन आलं नाय, मग काय करायचं? मी मागं राहिले, परत एकदा फोन लावाया."

नरेशनं गजाला मोबाईल लावला. गाडी पळसदरीच्या पुढं वर चढायला लागली होती. "फिरव! केळवलीला जा, खालापूरच्या अंगाला. झोळी घेतलेली चार माणसं दिसतील." गजानं एक शिवी घातली आणि गाडी फिरवली.

पुढचा पाऊण तास कुणाच्याच जिवात जीव नव्हता. मनोजसाहेब कॅमेऱ्यांचं विसरून दारातच उभे राहिले. वाडीची लाईन नरेशनं तोडली नाही. अखेर गजाचा फोन आला. रूपाली गाडीत होती, प्रेशर भलतंच वाढलेलं, पण शुद्धीवर होती आणि बाळाचे ठोके नर्सला लागले होते. संध्याला रडू आलं.

नरेशनं जनाला सगळं सांगितलं. मग त्याला राहवेना. "दोन महिने तू खाली येऊन सांगितलं का नाय गं, फोन बिघडलाय म्हणून?"

"बिघडलाय कुटं?" जनाला खरंच नवल वाटलं. "तुमचं सगळं येत होतं ना ऐकाया. आमी बोलायचो, सिस्टर म्हनायच्या 'कोण आहे, बोला ना', आन ठेवून द्यायच्या. आमाला वाटलं, हापिसात असतंय तसंच हाय हे बी."

नरेशचा बाप दामू आयुष्यभर कुठल्या कुठल्या खिडक्यांपुढं उभा राहून घरी यायचा आणि "सांगून आलो" एवढंच म्हणायचा. काम झालं का, हे त्याला घरात कुणी विचारत नसे. नरेशला लाज वाटत होती.

"दादा," जना म्हणाली, "आमी आजवर जे बोललो, ते तिकडं मशिनीत कुटं साठलं असंल काय?"

"नाय गं. कुटंच नाय."

पलीकडं ती गप्प झाली. पण आता त्या गप्प बसण्यातही वारा ऐकू येत होता, कोंबडी ऐकू येत होती.

"मग सिस्टरला म्हनावं, वही घ्या," ती म्हणाली. "माज्या सगळं ध्यानात हाय. पयल्यापास्नं सांगते."

संध्यानं डोळे पुसले, पेन उघडलं. "सांग जना. पहिला फोन कशासाठी होता?"

"त्यो सिस्टरसाठी नवता. नरेशदादा डोंगर उतरून गेला, तवा घोटभर च्या घ्याया पन थांबला नाय. म्हटलं, फोन बसवलाय तर त्याच्यावरच सांगू, बरं काम केलंस बाबा."