मागच्या दाराशी बोलणाऱ्या काकी

मागचं दार उघडायच्या आधी पार्वताकाकी दाराशी बोलायच्या. आधी मोठ्यानं खोकायच्या, मग हातातलं टमरेल फळीवर ठोकायच्या आणि बाहेर जे कुणी असेल त्याला बजावायच्या, "आले रं बाबा, जरा बाजूला व्हय. तुजी वाट तुला, माजी वाट मला." मग समोरच्याला उठून जायला वेळ द्यावा तशा जरा थांबायच्या आणि मगच कडी काढायच्या. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे मी हे ऐकलं. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात वडीलधारी म्हणून ही एक चुलतसासू, आणि तिचंही डोकं ठिकाणावर नाही की काय, असं मला वाटलं.

डोकं ठिकाणावरच होतं, हे लवकरच कळलं. आमची वस्ती निरगुडसरच्या शिवारात, तिन्ही बाजूंनी ऊस. घरामागं चार पत्रे ठोकून केलेली नहाणी आणि तिच्यापुढं बांधाच्या कडेला संडास. तिथं बसलं की उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ कानाशी. बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेजारच्या वस्तीवरचं वासरू दावणीवरून गेलं होतं. कुत्र्यांचा तर कुणी हिशेबच ठेवत नव्हतं. मी घोडेगावची, एसटी स्टँडामागच्या गल्लीत वाढलेली. माहेरी माझी भीती उंदरापलीकडं कधी गेली नव्हती. इथं मी दुपार कलली की पाणी पिणं बंद करायचे, म्हणजे अंधारात बाहेर जायला नको. हसू नका, उसाकडच्या कितीतरी बायका हेच करतात आणि मग पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडं जातात.

काकी अंगानं शेवग्याच्या शेंगेसारख्या, लांब आणि वाळलेल्या. माहेर तळेघरच्याही वर डोंगरात, जिथं एसटी आली तर आली, नाहीतर पायी चला. घराणंही आमचं मूळचं तिकडचंच. सासरे आणि चुलतसासरे उसाच्या कामाला खाली आले, पुढं थोडी जमीन झाली आणि इथंच राहिले. काकींना मूल नव्हतं. चुलतसासरे लवकर गेले. पण त्या घरात कुणाच्या आश्रितासारख्या कधी राहिल्या नाहीत. चूल त्यांची, दूध त्यांचं, भांडणसुद्धा त्यांचंच.

दिवेलागणीनंतर त्या बिबट्याचं नाव घेत नसत. 'थोरला' म्हणायच्या. "थोरला काल हिरीवर पाणी प्याया आलता," असं भाकरी थापता थापता सांगायच्या, जसे काही थोरले दीरच पंचायत समितीचं काम उरकून चहाला येऊन गेले. मी एकदा विचारलं, "काकी, तुम्हाला भीती नाही का वाटत?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच बावळट ठरले. "भ्या वाटतं की! भ्या म्हंजी दाराची कडी, पोरी. ती हाय म्हून घर हाय, न्हाईतर नुस्तं छप्पर. पर भ्याली म्हून पाठ न्हाई दावायची. पाठ दावली की त्याला आपण शेरडू दिसतो."

माझा सगळा जीव तेव्हा ओट्यात अडकला होता. जमिनीवर बसून धुरात स्वयंपाक करून कंबर गेली होती. उभ्यानं रांधता येईल असा ओटा आणि समोर खिडकी, एवढ्यासाठी मी दुधाच्या पैशातून बाजूला टाकत होते. मग एका सकाळी नहाणीच्या ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला. आदल्या संध्याकाळी तिथंच मी सईला, माझ्या सात वर्षांच्या मुलीला, आंघोळ घालत होते. तिच्या पावलाच्या ठशावरच तो पंजा पडला होता. त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, ओटा गेला खड्ड्यात, संडास-बाथरूम घरात घ्या.

रामदास मिस्त्री म्हणाला, "वैनी, दोन्ही बसवतो. पर मी सांगंन तसं." त्यानं सांगितलं ते असं: ओट्याला ग्रॅनाइट नाही, कडप्पा. फरश्या मंचरच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या, रंग जुळला तर नशीब. बाथरूमला जुन्या गोठ्याचं दार. आणि भरावाला विकतचं काही नाही, अंगणात असेल तो दगड. काटकसरीत त्याचा हात कुणी धरला नसता. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा आणि खिशात टाकायचा.

अडलं ते काकींपाशी. "चुलीच्या पाठीला संडास? आपण जेवायचं हितं, आन्..." पुढचं त्यांनी हातानंच दाखवलं. मी वाद घातला नाही. त्यांना नहाणीपाशी नेलं आणि घमेल्याखाली झाकून ठेवलेला ठसा दाखवला. त्या खाली बसल्या, पंजाशेजारी आपला तळवा ठेवून पाहिला. उठल्या तेव्हा आवाज बदललेला होता. "बांदा. पर दार माज्या चुलीकडं नगं." दार पडवीकडून काढायचं ठरलं.

काम सुरू झालं आणि काकी भातकापणीसाठी भावाकडं वर निघून गेल्या. दरवर्षी जायच्या, वाघबारस करूनच परतायच्या. दिवाळीच्या तोंडावर डोंगरातली माणसं वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, खीर दाखवतात आणि गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ म्हणून विनवतात. आमच्या वस्तीवर यातलं कुणी काही करत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या परत आल्या तेव्हा सगळं तयार होतं. काळाभोर ओटा, त्यावर खिडकी, पलीकडं तीन रंगांच्या फरश्यांचं बाथरूम आणि एक पायरी चढून संडास. मी कौतुकाची वाट पाहत होते. काकी घरात आल्याच नाहीत. पिशवी हातात तशीच, त्या मागच्या शेवग्याखाली गेल्या आणि जमीन न्याहाळत उभ्या राहिल्या.

"हितला दगड कुठं गेला?"

शेवग्याखाली एक बसका दगड होता खरा. आम्ही त्यावर बादली टेकवायचो. हे म्हणाले, "तो होय? मिस्त्रीनं संडासाच्या पायरीखाली घातला. चांगला बसला."

काकींनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच, चोरी पकडल्यासारखं सांगितलं की तो वाघोबा होता. पहिल्यांदा इकडं बिबट्या फिरू लागला तेव्हा त्यांनीच तो बसवला होता. खालची माणसं हसतील म्हणून शेंदूर लावला नाही, नुसतं तेलाचं बोट पुसायच्या, आमची पाठ वळली की. घरातल्या एकालाही पत्ता नव्हता.

ह्यांनी समजूत घातली. "काकी, दगडाचं काय एवढं, आपण दुसरा बसवू."

"आन् मी मेल्याव दुसरी काकी आणशीला का रं?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच वाईट. "म्या कुणाला बोल लावत न्हाई. तुमाला ठावं नव्हतं. पर त्याच्या डोस्क्याव पाय दिऊन म्या न्हाई जायाची."

आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच खोकणं, तेच टमरेल, तेच बोलणं. ज्या वाटेनं कुणालाच जावं लागू नये म्हणून मी घर पोखरलं, त्याच वाटेनं त्या उसाकडं निघाल्या. आम्ही घरात आणि त्या बाहेर. मिस्त्रीला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "पायरी फोडली तर फरशी जाईल वैनी, आन् तसला माल आता न्हाई मिळायचा." हे म्हणाले, चार दिवसांत विसरतील. पण तेव्हा आजूबाजूच्या उसाची तोड सुरू झाली होती. एकेक रान मोकळं होत होतं आणि उसातलं जनावर उरलेल्या उसात गोळा होत होतं. उभा राहिलेला ऊस आमचाच होता.

ते दिवस मी विसरणार नाही. मी हौसेनं मागितलेल्या खिडकीतून समोर फक्त तो ऊस दिसायचा. पहाटे काकी बाहेर पडल्या की मी ओट्याशी उभी राहून कान लावायचे. बाहेरही त्या बोलत राहायच्या, वाट दे रं, सर रं बाबा. तो आवाज चालू आहे तोवर काकी आहेत, एवढंच मला कळायचं. चहा किती वेळा उतू गेला ते कडप्प्याला माहीत.

एका पहाटे, नुकतं दिसू लागलं होतं, आणि आवाज मधेच थांबला.

मी खिडकीतून पाहिलं. काकी शेवग्यापाशी टमरेल घेऊन उभ्या होत्या. बांधावर, त्यांच्यापासून पडवीच्या लांबीएवढ्या अंतरावर, तो बसला होता. कुत्रं बसतं तसा, मागच्या पायांवर. मान तेवढी खाली घातलेली. सई माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. तिनं माझा पदर मुठीत धरला. तेवढ्यात काकींचा आवाज आला, बारीक, मी कधी न ऐकलेला. "चुकलं रं बाबा. पोरांना ठावं नव्हतं. त्यांच्याव राग नगं धरूस. चुकलं." असं म्हणत त्या एकेक पाऊल मागं येत होत्या. तोंड त्याच्याकडं. पाठ नाही दाखवली. माझ्या हाताला लाटणं लागलं आणि मी ते परातीवर बडवत सुटले. घरभर दणका उठला. तो उठला, एकदा खिडकीकडं बघितलं आणि उसात शिरला. पाचट हललं आणि थांबलं.

मी धावत जाऊन दार उघडलं. काकी उंबऱ्यावरच बसल्या. टमरेलातलं पाणी सगळं लुगड्यावर सांडलं होतं. "भ्याले गं मी," त्या म्हणाल्या. "लई भ्याले. त्यो ऐकायला आलता का न्यायला आलता, कायबी कळंना." मी त्यांना पोटाशी धरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. हाडांची मोळी होती नुसती.

मग मी पडवीतली पहार उचलली. आवाजानं जागे झालेले हे धावत आले, "अगं फरशी! फरशी जाईल ना!" म्हणून ओरडले. जाऊ दे म्हटलं, फरशी गेली तर फरशी मिळेल. पहिल्या घावाला पायरीच्या फरशीचे तुकडे उडाले. दोघांनी मिळून दगड उपसला तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते. दगड पालथा होता. काकींनी तो दुधानं धुतला, शेवग्याखाली पुन्हा बसवला आणि या वेळी कुणाची भीड न धरता शेंदूर फासला.

त्याच दिवशी त्या नव्या संडासात गेल्या. पडवीतून पहिल्यांदा खोकल्या, मग टमरेल गोठ्याच्या त्या जुन्या दारावर ठोकलं आणि म्हणाल्या, "आले रं बाबा, बाजूला व्हय." सई पोट धरधरून हसली. मलाही हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

फुटलेल्या जागी मिस्त्रीनं एक लाल फरशी बसवली, कुठल्याशा देवळाच्या कामातून उरलेली. बाकी सगळ्या निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या, त्यात ही एक लाल. काकी त्या फरशीवर कधी पाय देत नसत. दगड नाही आता तिथं, म्हटलं तर म्हणायच्या, "जागा ऱ्हाती की." शेवटच्या आजारात त्यांना मी हाताला धरून नेत असे. पाऊल फरफटत यायचं, पण लाल फरशी आली की उचललं जायचं.

परवाच्या थंडीत त्या गेल्या, घरात, अंथरुणावर. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मागलं दार लावलं का?"

"लावलं, काकी."

"कडी?"

"घातली."

"मग निजते," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

सकाळी माणसं जमू लागली. काकींच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी मागच्या हौदावरून आणायला हवं होतं. मी घागर घेऊन दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. बाहेर धुकं होतं, ऊस उभा होता आणि काकींना न्यायची वाट त्याच बांधावरून जात होती. तिकडच्याला बाजूला हो म्हणून सांगणारं कुणी घरात उरलं नव्हतं. माझ्या तोंडून ते शब्द निघेनात.

सई कधी मागं आली कळलं नाही. तिनं माझ्या हातातली घागर घेतली, दाराच्या फळीवर ठोकली आणि रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "आलो रं बाबा, जरा बाजूला व्हय. आज आमची काकी यायचीय."

मग आम्ही दोघी जरा थांबलो आणि कडी काढली.