एकोणीस नंबरचं औषध

लवू परबच्या तोंडात तीळ भिजत नसे. परळला टीबीवरच्या नव्या औषधांची पारख करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे तो अंडी फोडायचा. हसू नका! टीबीचा जंतू मोठा चोखंदळ. साध्यासुध्या खाण्यावर वाढत नाही, त्याला कोंबडीची ताजी अंडी लागतात. लवू अंडी धुवायचा, फोडायचा, गाळायचा, त्यात हिरवा रंग कालवून छोट्या बाटल्यांत भरायचा आणि बाटल्या तिरक्या ठेवून मंद आचेवर घट्ट करायचा. त्यावर मॅडम लोक जंतू पेरणार. काही बाटल्यांत नुसता जंतू, काहींत खाण्यातच एखादं नवं रसायन मिसळलेलं. मग महिना-दीड महिना वाट बघायची. नुसत्या बाटलीत रव्यासारखे पिवळट कण उगवतात. रसायनाच्या बाटलीतही तसेच उगवले, की रसायन बाद. बहुतेक बादच होतात.

संध्याकाळी लालबागच्या चाळीत पाय ठेवला, की लवूच्या तोंडाचा पट्टा सुरू. शेजारचा कोंडीराम गॅलरीतूनच विचारायचा, "काय लवू, आज कोण जिंकला?" लवू म्हणायचा, "जंतूच रे. फुकटची अंडी खाऊन माजलेत मेले!" सगळे हसायचे. रुपाली, त्याची बायको, आतून ओरडायची, "अहो, हात तरी धुवा आधी!"

पुढे त्याच्याच घरात तो आजार शिरला. आकांक्षा, त्यांची एकुलती एक पोर, भायखळ्याच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. खोकला धरला, वजन उतरलं, आणि तपासणीत निघाला तो साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी. बापानेच घरी आणला, असं लोक बोलले. साफ खोटं. लवूचा संबंध अंड्यांशी. जंतूच्या खोलीत पाऊल टाकायची त्याला मुभाच नव्हती. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

मोठ्या गोळ्या सुरू झाल्या. दीड वर्ष घ्यायच्या. त्यांनी गुण येत होता, थुंकी स्वच्छ निघू लागली होती, पण पोरीची दैना झाली. सकाळी गोळ्या, दुपारपर्यंत ओकाऱ्या. पायांना मुंग्या. आणि त्यातल्या एका गोळीने तिचं अंग काळवंडलं. चेहरा तर तव्यासारखा. डॉक्टर म्हणाले, औषध संपलं की हळूहळू उतरेल. शेजारच्या बेबीमावशीला एवढा धीर कुठला! तिने पोरीच्या तोंडावरच विचारलं, "आता हिचं लग्न कसं गं जमायचं?" जीभ झडो असल्यांची. त्या दिवसापासून आकांक्षा दाराला पडदा लावून आतच बसू लागली.

अशात एक दिवस उर्वी नवलकर मॅडमनी लवूला हाक मारली. ठाकूरद्वारच्या जुन्या घरातली बाई, शिकलेली, पण बोलायला साधी. काचेपलीकडून त्यांनी दोन बाटल्या दाखवल्या. एकीत रवा पसरावा तसे कण. दुसरी हिरवीगार, कोरी.

"परबकाका, हे एकोणीस नंबरचं रसायन. आणि जंतू कुठला आहे माहितीये? हट्टी. तुमच्या आकांक्षाला झालाय ना, त्याच जातीचा."

लवूने काचेला नाक टेकवलं.

"पण काका, हे अजून औषध नाही हं," मॅडम म्हणाल्या. "बाटलीत मरतो तो माणसात मरेलच असं नाही. आता उंदरांवर बघायचं, ते जमलं तर मग माणसांवर. दहा वर्षं धरा. तीही नशीब असेल तर."

लवूने मान डोलावली. त्याने सगळं नीट ऐकलं होतं. पण बापाचं काळीज! दहा वर्षं प्रयोगशाळेच्या फाटकातच राहिली आणि कोरी बाटली तेवढी त्याच्याबरोबर घरी आली. बाजारात तुरी, आणि हा पेढे घेऊन निघाला.

"बाय, औषध गावला गो तुझा!" दारातूनच त्याने बोंब ठोकली.

आकांक्षा कितीतरी दिवसांनी ताडकन उठून बसली. "खरंच पप्पा? कधी मिळणार?"

"येतला आता. मॅडमनी स्वतः दाखवल्यानी."

"त्याने काळं होत नाही ना?"

हे लवूला काय ठाऊक? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती अशी बघत होती, की ‘ठाऊक नाही’ असं म्हणवेना. "नाय गो," तो म्हणाला, "काय्येक होवचा नाय."

दुसऱ्या दिवशी पोर आईला म्हणाली, "माझ्या गोळ्या मी घेईन. समोर काय उभी राहतेस, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" रुपालीला बरंच वाटलं, म्हटलं, पोरीला उभारी आली. तिने गोळ्यांचा डबा तिच्या हाती दिला आणि चहाकडे वळली.

आणि खरंच घर बदललं! ओकाऱ्या थांबल्या. आकांक्षा मागून भात घेऊ लागली. पडदा सरकवून गॅलरीत उभी राहू लागली, कोंडीरामाशी थट्टा करू लागली. रुपाली कुळथाची पिठी करायची, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून द्यायची, आणि पोर बोटं चाटून खायची. लवू प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटला, माझी पोर सुधारली.

पावसाळा सरता सरता खोकला परत आला. मग ताप. मग एके सकाळी मोरीत रक्त.

इस्पितळात नव्याने तपासणी झाली. ज्या गोळ्यांनी गुण येत होता, त्यांतल्या मुख्य गोळीलाही जंतू आता दाद देईना. मध्येच गोळ्या सुटल्या की असं होतं, डॉक्टर म्हणाले. रुपाली भांडायलाच उठली. "एक दिवस चुकला नाही, देवाशपथ!"

त्याच आठवड्यात उर्वी मॅडम जिन्यात भेटल्या. लवूने विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "एकोणीस बंद केलं हो काका. उंदरांची यकृतं गेली. वाईट वाटलं." त्या बिचारीला काय कल्पना, याने घरी काय सांगून ठेवलंय!

लवू इस्पितळात आला. रुपाली पाणी भरायला गेली होती. आकांक्षाने मास्कच्या आतून विचारलं, "पप्पा, एकोणीस नंबर कधी येणार? मी त्या गोळ्या कधीच टाकून दिल्या. तुम्ही पेढे आणलेत ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हटलं, नवीन येतंच आहे, तर कशाला काळं व्हायचं?"

अजून एक थाप मारावी, असं लवूच्या ओठांवर आलं. पण या वेळी त्याने खरं सांगितलं. "बाय, तां औषध नाय. तां बंद पडला. मी उगाच बोललंय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आईला सांगू नका," ती म्हणाली. "ती तुमच्याशी बोलायची नाही मग."

दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

मोरी साफ करताना पन्हळीत अडकलेल्या गोळ्यांचा लगदा रुपालीच्या हाती लागला. तेव्हापासून आल्यागेल्यासमोर ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. "मी पाठ फिरवली हो! समोर उभी राहिले असते तर माझी पोर जगली असती." लवू भिंतीला टेकून ऐकायचा. पोरीचा शब्द होता. पण तेराव्याला पाहुणे पांगले, आणि रुपालीने परत हात उचलला, तेव्हा त्याने तो हात धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. दहा वर्षंसुद्धा.

आता ही ओरडेल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं. रुपालीने हात सोडवून घेतला आणि खाली बसली.

"म्हणजे ती जेवत होती, हसत होती, तेव्हाच मरत होती," ती म्हणाली. "आणि मी रोज तिन्हीसांजेला तिची दृष्ट काढत होते, अहो."