एकशेवीसची पीं-पीं

एकशेवीसला गेली की माझी गाडी कशी अखंड पीं-पीं करते, याची नक्कल मी ऑफिसात, लग्नात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही करून दाखवली आहे. खरं तर ऐंशीला वाजते ती पहिली पींसुद्धा मी कधी ऐकली नव्हती. काटा साठच्या पुढं गेला की माझ्या तळहातांना घाम फुटतो आणि पाय आपोआप उचलला जातो. हे फक्त शेजारी बसणाऱ्या बायकोला माहीत होतं, आणि ती बिचारी चारचौघांत माझी अब्रू राखून होती.

ज्ञान मात्र भरपूर. जर्मनीतल्या बऱ्याच कंपन्या गाड्या अडीचशेवर अडवतात, जपानी एकशेऐंशीवर, आपल्याकडं नुसती पीं-पीं वाजवून माणसाच्या अकलेवर सोडतात, असं मी मुलीला जेवताना ऐकवायचो. आमची गाडी फर्दापूरच्या एका टॅक्सीवाल्याकडून घेतलेली, लेणी बघायला येणाऱ्यांना फिरवून दमलेली. पिवळी पाटी काढून पांढरी लावली की टॅक्सीपण संपलं, अशी माझी समजूत.

मुलीला पुण्यात नोकरी लागली. गाडी तीच नेणार होती. हात बसावा म्हणून आम्ही तिला समृद्धीवर जालन्याच्या दिशेनं घेऊन गेलो. बायको मागं, मी शेजारी.

"बाबा, आज एकशेवीस. तुमच्यासारखं," ती म्हणाली. मी सीटबेल्ट पुन्हा एकदा ओढून बघितला.

तिनं पाय दाबला. काटा ऐंशीवर जाऊन बसला तो बसलाच. वऱ्हाडाची एक जीप आम्हाला हात दाखवत पुढं निघून गेली.

"ही तर पुढं जातच नाही! तुम्ही कशी नेत होता?"

आरशात बायको दिसली. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मीच बसवून घेतलंय ते, वेगाचं कुलूप," मी म्हणालो. "तुझ्यासाठी. एकटी जाणार तू."

थाप इतकी झकास जमली की माझेच डोळे भरून आले. "सांगायचं ना आधी," मुलगी म्हणाली आणि घरापर्यंत सत्तरनं आली. संध्याकाळी तिनं आत्यालाही फोन करून सांगितलं.

पुण्याला निघण्याआधी मी आणि मुलगी गाडी गॅरेजात घेऊन गेलो. मिस्त्रीनं यंत्र जोडलं आणि हसला. "साब, ये पहले टॅक्सी थी ना? टॅक्सी कू कंपनीसेच अस्सी पे बांध के देते. आपकू मालूम नै? खोल डालूं क्या?"

मी खाली सांडलेल्या ऑइलकडं बघत राहिलो. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली, की आता ही 'खोला' म्हणेल. मोकळा रस्ता, आणि शेजारी मी नसणार.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. किल्ली तिच्या हातात होती.

"राहू द्या, चाचा," ती म्हणाली. "बाबांनी बसवलंय ते."