अण्णांचा श्वास आणि निशाचा सिंथेसायझर

मित्रहो, आज दुपारी दादरच्या तालमीत घडले ते आधी क्रमाने मांडते, मत नंतर.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आमचे गायक अण्णा रविवारी गिरगावात प्रथमच मंचावर गाणार आहेत. त्यांना साथ लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरची की सिंथेसायझरची, हे संगीत संयोजक म्हणून मला ठरवायचे होते.

प्रथम मी लॅपटॉपवर साथ केली. स्वर निर्दोष होता. पण अंतऱ्यात अण्णांचा श्वास संपला, तरी माझा सूर तसाच भरघोस वाजत राहिला. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होते.

मग लालबागची निशा तिच्या जुन्या, अवजड सिंथेसायझरवर बसली. तिची नजर अण्णांवर होती. त्यांचा आवाज विरू लागताच तिने डाव्या हाताने एक नॉब फिरवला आणि सूर त्यांच्यासोबत अलगद विरला. इतकी समंजस साथ मी क्वचित ऐकली आहे.

“बाई, आज श्वास चोरावा लागला नाही,” अण्णा मला म्हणाले.

निशा हसली. “मॅडम, तुमच्या लॅपटॉपात सगळी वाद्यं आहेत, फक्त मान वर करायची सोय नाही!”

नॉब लॅपटॉपलाही जोडता येतो, हे मला कोणी शिकवू नये. माझ्याकडे तो आहे. परंतु त्याचे काम गाण्यागणिक बदलते, म्हणून पडद्याकडे पाहावेच लागते. निशाच्या नॉबचे काम वर्षानुवर्षे एकच आहे. ते तिच्या बोटांना पाठ आहे.

माझा निर्णय: रविवारी सिंथेसायझरच. वादकांपैकी कोणाची हरकत असल्यास उद्या सकाळपर्यंत ती या ग्रुपवरच सकारण लिहावी. अंगठ्याचे चित्र मी उत्तर समजत नाही.