मनुबाईची कारखान्यातली म्हैस

आमच्या गावात अक्कल फुकट वाटली जाते आणि तिचा सगळ्यात मोठा वाटा मनुबाईच्या दारात पडला. तिनं कधी मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

शिराळ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. मनुबाईचं घर माझ्या घराला लागून. तिचा नवरा कृष्णात पलटणीत होता. त्रेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तो गेला, तोही बंदुकीच्या गोळीनं नव्हे, हिवतापानं. औषध वेळेवर पोचलं नाही, असं त्याच्या जोडीदारानं रजेवर आल्यावर घरी येऊन सांगितलं. मनुबाई त्याच्यासमोर रडली नाही. नुसती म्हणाली, "लढाईला पाठवायला आगगाडी हुती, आन् गोळ्या पाठवायला न्हवती व्हय?"

पुढच्या वर्षी सांगलीचे विष्णुपंत गावात आले. सांगलीत तापाच्या गोळ्यांचा एक लहानसा कारखाना निघाला होता आणि विष्णुपंत त्याचे शेअर खपवत फिरत होते. दहा रुपयांना एक. पारावरच्या मंडळींनी त्यांना चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवायची तयारी केली. तेवढ्यात मनुबाई आली आणि सरकारकडून आलेल्या पैशांतून तिनं वीस शेअर घेतले.

तिचा दीर लालासाहेब नुसता उसळला. "वैनी, ह्यो कागूद पेरला तर उगवतोय का? दोनशे रुपयाचं सोनं घ्यायचं सोडून ह्ये काय खूळ!"

"पैसं माझ्या कुकवाचं हायती भावजी. खूळबी माझंच."

आता तिची चूक सांगतो, कारण चूक तिनं केली, आणि ती आमच्याकडचंच माणूस करू शकतं. आमच्याकडे म्हैस अर्धलीनं देतात. म्हैस एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि पुढं होईल ते निम्मं निम्मं. पण म्हशीचा धनी केव्हाही दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन आपलं जनावर बघू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. मनुबाईला वाटलं, शेअरही तसाच. मी हळद घेऊन सांगलीच्या पेठेत निघालो तेव्हा ती गाडीत बसली, आणि थेट कारखान्याच्या दारात जाऊन म्हणाली, "माझी वस्तू कुठली, ती दावा."

कारकून हसून लोटपोट झाले. विष्णुपंत कानकोंडे झाले. "अहो मनुबाई, तसं वेगळं काढून दाखवता येत नाही. सगळ्यात मिळून तुमचा थोडा थोडा भाग."

"मंग सगळंच दावा की."

दाखवलं नाही. दारातूनच वाटेला लावलं. आणि मी गाढव, ही हकीकत गावात येऊन सांगितली! त्या दिवसापासून 'मनुबाईची कारखान्यातली म्हैस' हा पारावरचा कायमचा विषय झाला. दूध काढलं का, रेडकू झालं का, असं पोरंसोरंही विचारायची. मनुबाई म्हणायची, "झालं की तुमच्या घरी खरवस धाडते. आधी तोंड धुऊन ठेवा."

लढाई संपली. पलटणीचं गिऱ्हाईक तुटलं, कारखाना रडतखडत चालू लागला, दहाचा शेअर सहावर आला. इकडे सोनं मात्र दुपटीला गेलं. मग काय, रोज संध्याकाळी पारावर हिशेब! तवाच सोनं घेतलं असतं तर आज इतकं असतं, आणखी दहा वर्षांनी तितकं झालं असतं. लालासाहेब तर झोपेतही असतं-नसतं बडबडत असेल. पण ते सोनं तोवर कुणाच्या घरात, कुणाच्या कुलपात राहिलं असतं, हे कुणीच बोलत नव्हतं. मला त्या पाराचा वीट आला होता.

एकोणपन्नास साली लालासाहेबाला उसाचा नवा चरक घ्यायचा होता. त्यानं सांगलीत शेअरला गिऱ्हाईक ठरवलं. घरात आठ दिवस धुसफूस झाली. शेवटी मनुबाई म्हणाली, "चला, येते." मला म्हणाली, "नाथाजी, तूबी चल. पयल्यांदा तूच नेलं हुतंस."

कारखान्याच्या कचेरीत विष्णुपंतांनी विक्रीचा कागद पुढं केला. कारकुनानं शाईची डबी उघडली. लालासाहेबानं तिथंही पाराचं पुराण लावलं. "सोनं घेतलं असतं तर आज चारशे झालं असतं वैनी. आता सहाच्या भावानं तरी सुटा."

मनुबाईनं त्याच्यासमोर दोन्ही हात धरले. मोकळे.

"भावजी, माझी पुतळ्यांची माळ कुठं हाय?"

लालासाहेब पुढ्यातल्या कागदाकडं बघू लागला.

"तुमच्या हिरीवरच्या इंजनात हाय. आन् पाटल्या? तुमच्या लेकीच्या हातात. 'म्हागारी देतो वैनी' म्हणून न्हेल्या, न्हाई का? म्या दिल्या. घरच्या बाईला न्हाई म्हनता येत न्हाई. तवा दोनशेचं सोनं घेतलं असतं, तर त्येबी तुमच्याच चरकात जाऊन बसलं असतं. चारशे झालं असतं, पर कुणाचं?"

तिचा आवाज चढला. बाहेरचे कामगार दारात येऊन उभे राहिले. ती काही थांबली नाही.

"ह्यो कागूद सहाचा हाय, उद्या चाराचा हुईल. हुंदे. पर माझ्या अंगठ्याबिगर ह्येला कुणी हात लावू शकत न्हाई. उभ्या जन्मात माझी म्हणावी अशी येवढीच वस्तू ऱ्हायलीय. ती मी मरंस्तवर धरनार!"

कारकुनाची शाईची डबी तिनं स्वतःच्या हातानं बंद केली. मी तिथं उभा होतो, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. लालासाहेब टोपी सारखी करत कचेरीच्या दाराकडं बघत होता.

मनुबाईनं डोक्यावरचा पदर नीट घेतला आणि विष्णुपंतांकडं वळली.

"आता तरी माझी म्हैस दावता का?"

विष्णुपंत उठले, आणि कारखान्याचं दार उघडून बाजूला उभे राहिले.