सफरचंदवाल्यांची जयंती

इंग्लंडनं जगाला फक्त रांग लावायला शिकवलं, बाकी सगळं स्कॉटलंडनं दिलं, असं छातीठोकपणे सांगणारा, आणि तेही लंडनच्या इल्फर्डमध्ये बसून अस्सल पुणेरी मराठीत सांगणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच: आमचे घरमालक डॉक्टरकाका. तरुणपणी एडिंबरात शिकले, मग जन्मभर इंग्लंडच्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ म्हणून लोकांना झोपवलं, आणि रिटायर झाल्यावर वरच्या खोलीतल्या भाडेकरणीला, म्हणजे मला, जागं ठेवायचं व्रत घेतलं. थोर स्कॉटिश मंडळींची नावं ते कधी घेत नसत. वडीलधाऱ्यांची घेतात का कुणी? टेलिफोनवाले, टीव्हीवाले, वाफेवाले, लॉगॅरिथमवाले, जणू सगळे एकाच आळीत बिऱ्हाड करून राहिलेले. मी आईशी फोनवर जरा जास्त बोलले की जिन्यातून आवाज यायचा, "अगं, टेलिफोनवाल्यांचे उपकार मान!" गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला, तर तो पेनिसिलिनवाल्यांचा अपमान.

आणि जयंत्या! दिवाणखान्यात फोटो, फोटोला सुपरमार्केटच्या कार्नेशनचा हार, समोर नारळ. अध्यक्ष काका, वक्ते काका, आभार काका. प्रमुख पाहुणी आणि श्रोतृवृंद मी. उदबत्तीनं स्मोक अलार्म ठणाणा करायला लागला की काका सावधान उभे राहायचे आणि मला टॉवेल हलवायला लावायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी सगळ्यांना सांगते, काकांनाही सांगितलं होतं. म्हणून वीज आणि चुंबक यांचं लग्न लावणाऱ्या समीकरणवाल्यांच्या जयंतीला भाषणाचा मान मला मिळाला. मी मन लावून बोलले. काका म्हणाले, "विषय चांगला मांडलास, पण स्कॉटलंडचा उल्लेख कमी पडला."

मग काकांच्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली. ऑपरेशन लवकर करा, उशीर अंगाशी येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हॉस्पिटलनं तारीख दिली. काकांनी कळवलं, जमणार नाही, टीव्हीवाल्यांची जयंती. दुसरी तारीख आली, तर लॉगॅरिथमवाल्यांची पुण्यतिथी. साउथहॅम्प्टनहून त्यांच्या मुलीचा मला फोन, "ताई, प्लीज, बाबा माझा ऐकतच नाही. हार्ट काय वेट करणार आहे का?"

तिसरी तारीख आली तेव्हा मी मेडनहेडहून ऑफिस करून दमून घरी आले होते. काका दारातच म्हणाले, "त्या दिवशी कसं जमेल? सफरचंदवाल्यांची जयंती."

"कोण सफरचंदवाले?"

"गुरुत्वाकर्षणवाले गं. झाडाखाली बसलेले."

"अहो काका, ते इंग्रज होते!"

ज्या घरात इंग्लिश मोहरीची बाटलीसुद्धा येऊ दिली नव्हती, तिथं या माणसानं अख्खा इंग्रज आणून पाटावर बसवला होता! मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात लक्षात आलं, हा माणूस केवढा घाबरला असेल!

"भीती वाटते का, काका?"

"लोकांना भूल द्यायचो तेव्हा उशाशी मी असायचो," ते म्हणाले. "त्यामुळे मला खात्री असायची. आता माझ्या उशाशी मी कसा असणार?"

"मी येते बरोबर."

"तू? तू बी.एस्सी."

"फर्स्ट क्लास. बॅग भरा."

हॉस्पिटलमध्ये सकाळी भूल देणारी डॉक्टर आली. माझ्यापेक्षाही लहान वाटत होती. आता हिची तोंडी परीक्षा सुरू होणार म्हणून मी कानकोंडी होऊन बसले. पण आपण याच धंद्यातले, हेसुद्धा काकांनी सांगितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून शाळकरी मुलासारखे ऐकत राहिले. शेवटी तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "आय विल बी विथ यू द होल टाइम." काकांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं पलंग ढकलत नेला, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मला भेटायला सोडलं तोवर दुसरा दिवस उजाडला होता. काका जागे होते, नळ्यांमध्ये अगदी एवढेसे दिसत होते.

"कसं वाटतंय?"

डोळे मिटूनच ते हळू आवाजात म्हणाले, "ती बोलली ना, ते वाक्य मी जन्मभर लोकांना सांगत आलो गं. ऐकणाऱ्याला एवढं बरं वाटतं, हे कुणी मला कधी सांगितलंच नाही."