कोरडा नवस

अक्काला कुणीही तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरली?" ताप असो, नाहीतर विंचू चावलेला असो. मी तिचा धाकटा भाऊ; मला साधी शिंक आली तरी सगळ्या भावकीत फोन जातात. त्यामुळे माझ्या दोन्ही किडन्या गेल्या म्हटल्यावर घरच्यांनी आधी माझ्याकडेच संशयानं पाहिलं.

अक्का हदगावहून पहिल्या एसटीनं नांदेडला माझ्या दवाखान्यात आली. "माझी एक घाला याला," ती डॉक्टरांना म्हणाली, जणू परसातलं वांगं तोडून द्यायचंय. रक्तगट जुळला. मग तिचं रक्त आणि लघवी तपासायला दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला.

"मावशी, रक्तात क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी नीट गाळत नाहीये. लघवीत किटोन आहेत. उपाशी माणसाचं असं येतं. जेवण-पाणी बंद होतं का?"

"न्हाई. मला काय धाड भरली?"

"मग किडनीतच दोष असेल. अशी किडनी आम्ही घेत नाही."

अक्काच्या ओठांवर पापुद्रे धरले होते. ते मला आत्ता दिसले. एरवी मी आरशात स्वतःचीच जीभ बघण्यात गर्क.

"अक्का, पाणी कधी पिलीस?"

"गप बस, बापू."

आमच्याकडे देवीला बोललेला नवस फेडेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. सांगितला की वाया जातो. ती भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी फाइल मिटली, तशी दचकली.

"परवापासून अन्नाचा कण न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई घेतला. देवीला बोलले, याच्यासाठी माझा रिपोर्ट चांगला येईस्तोवर अन्न-पाणी घेणार न्हाई."

"अहो, त्या नवसानंच रिपोर्ट बिघडला!"

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिचा हात उठेना.

"मोडला अन् तुला काही झालं तर?"

"न मोडता तर होणारच आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव मुद्द्याचं वाक्य.

तिनं डोळे मिटले. "आई, राग माझ्यावर काढ, याच्यावर नको," म्हणाली आणि घटाघटा प्यायली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासण्या झाल्या. सगळं स्वच्छ आलं. तिची किडनी माझ्यात बसली, आणि ती पुढं कितीतरी वर्षं कापूस वेचत राहिली. दोन वर्षांखाली झोपेतच गेली.

मी अजून तपासणीला जातो. लॅबवाला रिपोर्ट देताना म्हणतो, "काका, किडनी एकदम झकास चालू आहे तुमची."

"माझी न्हाई ती," मी म्हणतो. "अक्काची हाय."